पाठमोरी लेक

कोल्हापुरात नवा चित्रपट पाहून होताच निर्माते आबासाहेब घोरपडे संगीतकार इंदुताईंवर घसरले. "तुमचं पार्श्वसंगीत मला कुठं ऐकूच आलं नाही! सिनेमाच्या श्रेयपाटीवरनं तुमचं नाव काढतो."

इंदुताईंनी हात जोडले. "उपकार झाले. फक्त एवढं सांगा, पडद्यावरची लेक सासरी निघाली तेव्हा डोळे का पुसलेत?"

"पोरीचं दुःख बघवेना!"

"ती तर सगळा वेळ पाठमोरी चालत होती, चकार शब्द न बोलता. दुःख बघितलंत कुठं, आबासाहेब? ऐकलंत!"

आबासाहेबांनी ओला रुमाल खिशात कोंबला. "नाव राहू दे. आणि ताई, आभारी आहे. माझी लेक सासरी गेली, तेव्हा मला चारचौघांत रडता आलं नव्हतं."