वेळुकेची तांबडी

पूर्वी कुंभवती नगरीत सुबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व भद्रघोष या नावाने त्याच्या दरबारी न्यायामात्य होता. लहानसहान तंटे त्याच्यापुढे येत. कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली, कुणाचा फणस कुणी उतरवला. मोठे तंटे मोठ्या अमात्यांकडे जात, कारण त्यात मोठी माणसे गुंतलेली असत.

एका वर्षी पहाटेच्या आरवण्याने राजाची झोप मोडू लागली. ही गोष्ट पिंगल श्रेष्ठीच्या कानी गेली. नगराबाहेर नदीकाठी पिंगलची हजार कोंबड्यांची खुराडी होती. पण नगरातल्या बायका परसातली ताजी अंडी दारोदार विकत, त्यामुळे त्याच्या अंड्यांना नगरात गिऱ्हाईक मिळत नसे. त्याने राजाच्या झोपेची काळजी वाहिली आणि एक सल्ला दिला. राजाला तो पटला. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली की जो पक्षी घराचा लाडका असेल तो आत राहील, जो घराचे धन असेल तो सात दिवसांत वेशीबाहेर जाईल. ज्याचे अंडे, पीस किंवा मांस घरात घेतले जाते, तो लाडका नव्हे.

श्रीमंतांचे पोपट, मैना आणि मोर लाडके ठरले. कुंभारवाडा, कोष्टीपुरा आणि बुरूडआळी इथल्या कोंबड्या धन ठरल्या. ज्यांच्या घरी दुसरे कसलेच धन नव्हते, त्यांच्या घरी राजाज्ञेने ते एकाएकी सापडले. वेशीबाहेर कोल्ह्यांचे रान होते. तिथे उघड्यावर सोडलेली कोंबडी एक रात्र निभावत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. पिंगलची माणसे मात्र पडेल त्या भावात कोंबड्या विकत घ्यायला वेशीवर बसून होती.

कोणता पक्षी लाडका आणि कोणता धन, हे ठरवण्याचे काम बोधिसत्त्वाकडे आले. त्याच संध्याकाळी पिंगल त्याच्या घरी गेला. निवाडे फार खोलात न जाता झाले, तर महामात्यपदासाठी आपण राजाजवळ शब्द टाकू, असे तो बोलता बोलता म्हणाला. बोधिसत्त्वाने त्याला पाणी दिले, दारापर्यंत पोचवले आणि काहीच कबूल केले नाही.

सातव्या दिवशी सकाळी चौकात गर्दी झाली. जो येई तो शपथेवर सांगे की आमची कोंबडी लाडकी आहे. पांथशाळेच्या आचाऱ्याने तर आपल्या सत्तर कोंबड्या लाडक्या असल्याचे सांगितले. प्रत्येकीला नाव आहे, असेही वर सांगितले. बोधिसत्त्व म्हणाला, एकीला हाक मार. आचारी जरा थांबला आणि त्याने यमुनेला हाक मारली. एकाही कोंबडीने मान वळवली नाही.

"अरे मेल्या," मागून एक म्हातारी म्हणाली, "कढईतून ती कशी ओ देईल?"

लोक हसले. हसणे ओसरले तेव्हा बुरूडआळीची वेळुका पुढे झाली. बांबूच्या कामट्या तासून तिची बोटे चिरलेली होती. कोंबड्या झाकायची डालगी ती विणत असे. तिच्याकडे एकच कोंबडी होती, तांबडी. ती तिने बरोबर आणली नव्हती.

"अंडी खातेस का तिची?" बोधिसत्त्वाने विचारले.

"खाते की. दोन खाते, चार विकते."

शेजारणीने तिला कोपराने ढोसले. नाही म्हण, एवढेच तर म्हणायचे आहे, असे ती कुजबुजली. वेळुका म्हणाली, गेल्याच महिन्यात तुला अंडे विकले आणि आज नाही कशी म्हणू.

शिपाई तिच्या घराकडे निघाले, तशी ती त्यांना आडवी आली. तांबडी खुडूक बसली आहे, अंड्यांवरून आज उठवली तर आतली पिले मरतील आणि वेशीबाहेर तीही मरेल, असे ती म्हणाली. बोधिसत्त्वाने शिपायांना थांबवले आणि तो स्वतः तिच्याबरोबर गेला.

परसात एका पाटीत भुशावर तांबडी बसली होती. परका माणूस पाहून तिने पिसे फुलवली, पण ती जागची हलली नाही. पंखाच्या कडेतून दोन अंडी दिसत होती. ती कोंबडीच्या अंड्यांपेक्षा बरीच मोठी होती.

वेळुकेने सहज सांगितले की ती राजाच्या बागेतली आहेत. बागेतली लांडोर अंडी घालते, पण लोकांच्या वर्दळीने बिचकून ती सोडून जाते. मग कदंबक माळी ती टोपलीत घालून बुरूडआळीत खुडूक कोंबडी शोधत येतो. ही चाल त्याच्या बापापासूनची. तीन वर्षांपूर्वीही त्याने अशीच अंडी आणली होती. राजा ज्याला हाताने दाणे भरवतो तो मोर त्यातलाच, याच तांबडीने उबवलेला.

बोधिसत्त्वाने कदंबकाला गाठले. तो घाबरला. लांडोर बसत नाही हे कळले तर आपली चाकरी जाईल, म्हणून त्याच्या घराण्याने हे कधी कुणाला सांगितले नव्हते. बोधिसत्त्व त्याला म्हणाला, खरे सांगितल्याबद्दल तुला शिक्षा झाली, तर तुझ्याबरोबर मीही पद सोडीन. मग दोघे राजाकडे गेले. ऊन कलण्याच्या सुमारास राजा पायी बुरूडआळीत आला. मागोमाग पिंगलही आला.

राजाने मोराची अंडी पाहिली. कदंबकाचे म्हणणे ऐकले. मग त्याने वेळुकेला विचारले, "ही तुझी कोण? लाडकी की धन?"

"ते मला नाही सांगता येत, महाराज. मी तिची अंडी खाते, ती माझे दाणे खाते. म्हातारी झाली तरी कापणार नाही, एवढे तिला कबूल केले आहे."

"कोंबडीला कबूल केलेस?" पिंगल हसला.

"शब्द दिला की दिला, शेटजी. ऐकणारा कोण, ते कशाला बघायचे?"

आता बोधिसत्त्व बोलला. "महाराज, अभिषेकाच्या दिवशी आपण या वेशीच्या आत राहणाऱ्या सर्व जिवांना अभय दिले. त्यात लाडके किती आणि धन किती, अशी मोजदाद नव्हती. ही बुरडीण कोंबडीला दिलेला शब्द पाळते. आपला शब्द आज सूर्यास्ताला मोडतो आहे."

राजाचा चेहरा उतरला. पण तो चांगला राजा होता, म्हणजे चूक दाखवली तर त्याला दिसे. त्याने तिथेच आज्ञा मागे घेतली. एका डालग्याखाली मावतील तेवढ्या कोंबड्या कुणीही परसात पाळाव्यात. अंडी खायची की लाड करायचे, ते ज्याच्या त्याच्या घरात ठरावे. आता झोपेचे काय, असे पिंगलने अदबीने विचारले. वेळुका म्हणाली, कोंबड्याला उजेड दिसला नाही तर तो बहुधा गप्प राहतो. घट्ट विणीचे डालगे घालून वर गोणपाट टाका. राजाने पहिले डालगे राजवाड्यामागच्या गल्लीसाठी मागितले आणि कदंबकाची चाकरी कायम केली.

वेशीवर निरोप पोचला, तेव्हा दिवस मावळत होता. पिंगलच्या माणसांनी घेतलेल्या कोंबड्या परत कराव्या लागल्या. कोणती कुणाची, यावरून आता भांडणे होणार, म्हणून शिपाई काठ्या सरसावून उभे राहिले. पण टोपल्या उघडल्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी कोंबड्या जे करतात तेच त्यांनी केले. मान पुढे काढून, एकमेकींना ढकलत, त्या आपापल्या गल्लीत शिरल्या आणि आपापल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बायकांनी त्यांना आत घेतले.

विहाराच्या अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या कुणाच्या म्हणायच्या, यावर भिक्षू वाद घालत होते, तेव्हा त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "त्या वेळचा पिंगल म्हणजे या कोंबड्या हाकला म्हणून काल तक्रार घेऊन आलेला गृहस्थ. राजा सुबाहू म्हणजे ती ऐकून कोंबड्यांमागे धावलेला आणि मग ओशाळून परत आलेला तरुण भिक्षू उपसीव. कदंबक म्हणजे विहाराचा माळी. वेळुका म्हणजे रोज दाणे टाकणारी उपासिका सुजंपा. तांबडी म्हणजे टाकलेली मुले आणून वाढवणारी भिक्षुणी वप्पा. आणि भद्रघोष अमात्य मीच होतो."

भिक्षूंनी वाद सोडला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्य पाळण्याची पूर्णता.