सोडलेली जागा

भानोबा महाराजांचा त्या वर्षीचा चातुर्मास वेळूशेत गावी, ओढ्याकाठच्या दत्तमंदिरात होता. महाराज पदे सांगत आणि गावचेच मोरशास्त्री ती पोथीत उतरवून घेत.

गावात भागू बुरूडीण टोपल्या विणी. तिची सहा वर्षांची ठकू तापाने गेली होती. एका संध्याकाळी तिने पायरीखालून महाराजांचे पद ऐकले. म्हणताना महाराज एका ठिकाणी क्षणभर थांबले. भागूला वाटले, माझ्यासाठीच थांबले. तेव्हापासून बांबूच्या कामट्या वळताना ती म्हणे,

दिवेलागण झाली बाई । अजून ठकू आली नाही ॥

द्वादशीला देवासाठी नवी परडी घेऊन ती मंदिरात आली आणि पायरीखाली बसून गुणगुणू लागली. शास्त्रीबुवांच्या कानी ते पडले.

"महाराजांच्या पदात ही ठकू कोण घुसली?"

"माझी लेक, बुवा."

"अगं, 'अजून मुक्ती आली नाही' असं आहे ते. मोक्षाची तळमळ आहे ती. आज तू पोरीचं नाव घातलंस, उद्या कोणी शेळीचं घालील." ओसरीवरची मंडळी हसली. "पुन्हा हे पद तुझ्या तोंडी ऐकलं, तर पायरीशीही उभी करणार नाही."

परडी मात्र त्यांनी ठेवून घेतली. तिच्या हातची परडी देवाला चालली, तिच्या पोटातले दुःख तेवढे चालले नाही! गेलेल्या लेकराला हाक मारायला आईने कोणाच्या पोथीची परवानगी काढावी?

भागूच्या जिवाचा संताप झाला. त्या एका ओळीत तर ठकू रोज तिच्याजवळ येई. तीही हिरावली तर उरले काय? गाभाऱ्याकडे बघत ती म्हणाली, "देवा, हे पद कोणाचं ते आता तूच सांग."

एवढ्यात महाराज स्नानाहून आले. "शास्त्रीबुवा, ते दिवेलागणीचं पद वाचा."

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. मागची पुढची पाने जशीच्या तशी, तेवढे एकच पान कोरे! शंभरदा वाचलेले पद, पण शब्द ओठी येईना.

"मलाही आठवेना," महाराज म्हणाले. "भागूबाई, तुम्ही म्हणा."

"मला मनाई आहे, महाराज."

"कोणाची? पद माझं आहे ना? म्हणा."

भागूने सुरुवात केली ती रागानेच. पण ती म्हणत गेली तशी पानावर अक्षरे उमटत गेली. पद संपले तेव्हा पान भरले होते. फक्त 'मुक्ती' होते तिथे जागा कोरीच.

"सांगताना मी इथे थांबलो होतो," महाराज म्हणाले. "शास्त्रीबुवा, तुम्हाला वाटलं, म्हातारा विसरला, आणि तुम्ही 'मुक्ती' लिहून टाकलंत. ज्याचं जे हरवलं असेल ते त्याने इथे म्हणावं, म्हणून सोडली होती ती जागा. आता वाचा."

शास्त्रीबुवा वाचू लागले आणि त्या जागेशी अडले. ते सात वर्षांचे असताना त्यांची आई ओढ्यावर पाण्याला गेली आणि पुरात वाहून गेली, हे सारा गाव जाणत होता. त्यांनी मात्र कधी तिचा उच्चार केला नव्हता.

"अजून... आई..."

त्यांनी पोथी खाली ठेवली. ते पायऱ्या उतरले, पगडी काढली आणि भागूच्या पायांवर डोके ठेवले.



"उठा बुवा," ती म्हणाली. "ओळ पुरी करा. आईचं नाव अर्ध्यावर सोडू नये."