पायडल सोडू नकोस

"पोरगी जरा किरकिरली, एवढ्यानं अंतराय कसा काय होतो, महाराज?"

धनपाल मगदूमनं हे मंदिराच्या पायऱ्या चढता चढताच विचारलं. नमोस्तु म्हणायचंही राहिलं.

मोरपिसांची पिंछी हलकेच फिरवून महाराजांनी चटई झाडली आणि ते बसले.

धनपाल उभाच राहिला.

आमच्याकडं चातुर्मासाला आलेले हे जैन मुनी. दिवसातून एकदाच जेवायचे, तेही उभ्यानं, ओंजळीत. घासात केस निघाला, मेलेली मुंगी दिसली किंवा कुणाचा आकांत कानावर आला, तर मुनी ओंजळ सोडून देतात. तोच अंतराय. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही.

त्या दिवशी मगदूमांच्या घरी महाराजांनी एक ओंजळ पाणी घेतलं. पहिला घास हातावर पडला, तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं आलं आणि ओंजळ सुटली. महाराज खाली बसले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं. कमंडलू धरायला मीच बरोबर होतो, म्हणून हे सांगतोय. ऐकीव नाही.

गावाच्या जिभेला काय, हाड नसतं. आम्ही मंदिरापर्यंत परत यायच्या आत सगळीकडं झालं होतं, मगदूमांच्या घरात दोष आहे.

धनपालला तेच झोंबलं होतं.

"पाणी तीनदा गाळलं की वो," तो म्हणाला. "डाळ बायकोनं चष्मा लावून निवडली. गहू घरच्या जात्यावर दळला. दोष कुठं राहिला तेवढं दाखवा, मी काढतो. दोष काढणं हाच माझा धंदा हाय."

ते खरं होतं. औद्योगिक वसाहतीत त्याचं मशीनशॉप होतं, आणि बंद पडलेलं मशीन नुसतं ऐकून तो बिघाड सांगायचा.

"रडत कोण होतं?" महाराजांनी विचारलं.

"चंदना. माझी धाकटी. पण ती आत नव्हतीच. घराला लागून शेड हाय, तिथं होती. हात तेलकट होते तिचे. शुद्धीत खोट नको म्हणून मीच तिला लांब ठेवली."

"हं..."

"आणि थोडं शास्त्र मलाबी ठाऊक हाय, महाराज. अंतराय होतो तो मयतावरच्या रडण्यानं. पोरांच्या किरकिरीनं नव्हे."

"बरोबर आहे."

"मग?"

"ते मयतावरचंच रडणं होतं."

धनपाल खाली बसला.

त्याच्या घरातलं मयत गावाला ठाऊक होतं. थोरला मुलगा वृषभ, चौदा वर्षांचा. शर्यतीच्या मैदानावरनं भंगारात निघालेली एक जुनी गो-कार्ट धनपालनं उचलून आणली होती. जमिनीला चिकटून पळणारी ती ठेंगणी, उघडी गाडी. बापलेकानं मिळून ती उभी केली. गेल्या दिवाळीत साखर कारखान्याच्या आवारात पोरांची शर्यत होती. वळणावर गाडी दगडी कठड्यावर गेली. वृषभ दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

पुढच्या चाकाचा सांधा तुटलेला मिळाला. तो सांधा धनपालनं स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून जोडला होता.

सांधा तुटला म्हणून गाडी आदळली, की गाडी आदळली म्हणून सांधा तुटला? हे कुणालाच सांगता येईना. धनपालनं मात्र सांगून टाकलं. पोरानं वळण चुकवलं म्हणाला.

मयतात चंदना रडली नव्हती. दहा वर्षांची पोर, आल्यागेल्याला पाणी देत होती. शहाणी पोर, असं गाव म्हणालं होतं. गावाला शहाणी पोरं फार आवडतात.

त्यानंतर धनपाल कित्येक महिने शेडाच्या भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेवायला उठवावं लागायचं. मग एक दिवस त्यानं ती मोडकी गाडी बाहेर ओढली आणि चंदनाला हाक मारली. बापलेक पुन्हा कामाला लागले. सांगाडा सरळ केला, चाकं बदलली, लाल रंग दिला. माणूस दुःखातून उभा राहिला म्हणून आम्ही सगळ्यांनीच कौतुक केलं. मीही केलं.

"गाडी कुणासाठी?" महाराजांनी विचारलं.

"चंदनासाठी. रविवारी शर्यत हाय. तिथंच, कारखान्यात. महाराज, आहार झाला की मी तुमचा आशीर्वाद मागणार होतो."

"सीट कुणाच्या मापाची?"

"...आहे तीच ठेवलीय. वाढत्या अंगाची पोर हाय."

"पाय पोचतो?"

"चवडा पोचतो."

"आणि तो सांधा?"

धनपालनं मान वर केली. एवढा वेळ पडलेला आवाज एकदम ताठ झाला.

"पुन्हा जोडला. त्याच जागी, ह्याच हातानं. तसाच. नवीन भाग आणून बसवता आला असता, न्हाई बसवला. लोकांना दिसू दे."

"काय दिसू दे?"

"सांधा पक्का होता हे."

महाराजांनी थोडा वेळ त्याच्या हातांकडं पाहिलं. ओठ सुकलेले होते त्यांचे. मी कमंडलू घेऊन जवळच बसलो होतो, पण त्या पाण्याचा उपयोग हातपाय धुण्यापुरताच.

"आशीर्वाद कुणाला द्यायचा? पोरीला की सांध्याला?"

धनपालनं तळहात एकमेकांवर चोळले.

"सांधा टिकला, तर काय होईल?"

"सगळ्यांना कळंल, गाडी नीट होती."

"म्हणजे चूक वृषभची."

धनपालनं धोतराचा काठ मुठीत धरला.

"आणि नाही टिकला तर?"

मंडपात बसलेले आम्ही चारजण एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

मग तो भडकला. भडकणारच. माणसाला उत्तर सुचलं नाही की राग लवकर सुचतो.

"मग काय करू? मोडून टाकू गाडी? त्या गाडीमुळं मी जेवतोय, महाराज. त्या गाडीमुळं पोर माझ्याजवळ बसती, चार शब्द बोलती. तेवढंच एक उरलंय आमच्यात. सकाळी ब्रेकमधली हवा काढत होतो. ती पायडल धरून, मी चाकापाशी. एवढ्यात दारात ओरडा झाला, महाराज आहाराला निघाले म्हणून. तसाच पळालो, अंघोळ केली, शुद्ध धोतर नेसलो. तुमच्यासाठी हातातलं काम टाकून पळालो की!"

हे काम मी पाहिलेलं आहे. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. ती काढायला दोघं लागतात. एकानं पायडल पार दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी बारीकसा स्क्रू सैल करायचा. स्क्रू उघडा असताना पाय उचलला, की हवा पुन्हा आत. म्हणून धरणाऱ्यानं दुसऱ्यानं सांगेपर्यंत सोडायचं नाही.

चंदनाला कुणी सांगितलंच नाही. पायधुणी झाली, पूजा झाली, जयजयकार झाला, आणि भिंतीपलीकडं पोर पायडल धरून बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डाळीतला खडा शोधला ह्या माणसानं, आणि पोर विसरला.

अंतराय झाल्यावर तिची काकी शेडात धावली. मागोमाग धनपाल गेला, त्याच्यामागं मी. काकीनं पोरीला उचलून बाहेर काढलेलं होतं. पाय आखडून वाकडा झाला होता. धनपालनं दारातनं पहिला शब्द काय काढावा?

"पायडल सोडलंस?"

मला त्या माणसाचा असा संताप आला होता, की आणखी क्षणभर तिथं थांबलो असतो तर नको ते बोलून गेलो असतो.

मंदिरातली दुपारची घंटा झाली. महाराजांची सामायिकाची वेळ. त्या वेळी ते डोळे मिटून बसतात, कुणाशी बोलत नाहीत.

"इथं बसा," ते धनपालला म्हणाले. "खांबाला पाठ लावून. एक पाय लांब करा."

धनपालनं केला.

"समोरच्या भिंतीला लावा. टाच नको, नुसता चवडा. दाबून धरा."

"हे काय, महाराज?"

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्यांदा धनपाल जरासा हसला. तालमीत वाढलेलं अंग होतं, त्याला ह्यात काय. त्यानं आमच्याकडं बघून भुवई उडवली. आम्ही हसलो नाही.

मग त्याची पोटरी दिसायला लागली.

मग त्यानं हात जमिनीला टेकवले.

घाम कपाळावरनं नाकाच्या शेंड्यावर आला, तरी त्याला पुसता येईना. महाराजांकडं त्यानं दोनतीनदा पाहिलं. तिथं काही हलत नव्हतं.

"महाराज... अजून किती?"

मुनी मौनात होते. सोडून दिलं असतं तरी कुणी अडवणार नव्हतं. पण चारचौघांत दिलेला शब्द, आणि मगदूमांचा ताठा. पाय थरथरायला लागला, गुडघा उडायला लागला. त्यानं दात आवळले आणि धरून ठेवलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. धनपालची बायको त्रिशला आली होती, अंतरायाची क्षमा मागायला. बोटाशी चंदना. लंगडत होती.

पोरीनं बापाला बघितलं. भिंतीला लावलेला पाय बघितला. तिला सांगावं लागलं नाही.

"पप्पा," ती घाईनं म्हणाली, "मी सोडलं न्हाई. काकीनं उचललं मला. मी सोडलं नव्हतं."

धनपालनं मान दुसरीकडं फिरवली.

महाराजांनी डोळे उघडले. सामायिक झालं होतं की त्यांनी थांबवलं होतं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

"बाळ, पाय दुखत होता?"

"हां."

"म्हणून रडत होतीस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

चंदनानं आईकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं. नखांत काळं तेल तसंच होतं.

"जाताना पप्पा म्हणाले, वृषभ, पायडल सोडू नकोस. मी आलोच."

"तुला म्हणाले?"

"मलाच. शेडात तसंच म्हणत्यात. वृषभ, पाना दे. वृषभ, धर. वृषभ, दाब."

त्रिशलानं पदर तोंडावर घेतला.

"मी?" धनपाल म्हणाला. "मी कधी म्हणालो? काय बोलतीस तू?" त्याचा चेहरा असा झाला होता, की त्याला खरंच ठाऊक नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तू सांगितलं नाहीस त्यांना?" महाराजांनी विचारलं. "मी चंदना म्हणून?"

"न्हाई."

"का?"

"सांगितलं तर पप्पा काम थांबवतील. मग पहिल्यासारखं भिंतीकडं बघत बसतील. जेवायचे न्हाईत." ती जरा थांबली. "रविवारी एकदा गाडीत बसलं की झालं. मग वृषभदादाबी असल आणि पप्पाबी असतील."

कमंडलू माझ्या हातात जड झाला होता, तो मी खाली ठेवला. सकाळचा राग माझ्यात शिल्लक नव्हता. त्या जागी जे आलं होतं तो राग नव्हता, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. दहा वर्षांच्या पोरीनं एवढं धरून ठेवलं होतं आणि आम्ही तिला शहाणी म्हणत होतो.

धनपालचा पाय अजून भिंतीलाच होता. इतका हादरत होता, की चुन्याचे कण खाली झडत होते. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"महाराज..." तो म्हणाला. "महाराज, सोडू का आता?"

महाराजांनी पिंछी उचलली, शेजारची जमीन झाडली आणि चंदनाला तिथं बसायची खूण केली. ती बसली, दुखरा पाय पुढं घेऊन.

"मला विचारू नका. हिला विचारा," ते म्हणाले. "नावानं हाक मारून."