चिंचणगीच्या हायस्कुलात आधी आया बसतात

जूनमध्ये ज्या सकाळी शाळा उघडते, त्या सकाळी चिंचणगीत आलेला परका माणूस हमखास गोंधळतो. हायस्कुलाच्या व्हरांड्यात नवी दप्तरं पाठीला लावलेली मुलं ताटकळत उभी असतात आणि आत पाचवीच्या वर्गात, बाकांवर, त्यांच्या आया बसलेल्या असतात. कुणी मळ्यातून परस्पर आलेली, कुणी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वर्गात शिरल्यावर प्रत्येक बाई आधी उत्तरेच्या भिंतीशी जाते, तिला पाठ टेकते, जरा वेळ तशीच राहते आणि मग हात मागे नेऊन पाठीवरचं कापड चाचपते. ते कोरडं लागलं की बाकावर बसते.

पाहुणे विचारतात, "शाळेवर मोर्चा आलाय का हो?" गावातले लोक हसतात, पण लवकर काही सांगत नाहीत. इथल्या माणसांचा स्वभावच तसा, आधी विचारणाऱ्याला नीट पारखून घेणार. तुम्ही देवदर्शनाला आला आहात, माझ्या ओसरीवर पाणी प्यायलात, म्हणून सांगते. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं होतं, तसंच.

फार जुनी गोष्ट आहे. चिंचणगी तेव्हा एका लहानशा संस्थानातलं बाजाराचं गाव होतं. तेलाचे घाणे, मिरचीचा बाजार आणि गावाच्या उत्तरेला एक मोठं तळं. ते तळं खोदलं तेव्हा पाणी लागेना, म्हणून कुण्या एका घरची सून बळी म्हणून तळाशी बसवली आणि मग पाणी आलं, असे सांगतात. तीच आपली तळव्वा. काठावर तिचं देऊळ आहे, आत्ता तुम्ही ओटी भरून आलात तेच. पण या गोष्टीमुळे गावाच्या मनात एक काटा कायमचा राहिला. इथली जमीन काही द्यायची झाली तर आधी मागते, असं लेकरांना पाळण्यातच कळायचं.

पुढे तळं गाळानं भरलं आणि कोरडं पडलं. मग संस्थानच्या सरकारांनी हुकूम काढला, की त्या जागेवर शाळा बांधायची, तिचंच पुढे हायस्कूल झालं. कुठल्याही जातीचं मूल यावं, फी नाही. गावातल्या बाकी प्रत्येक जागेवर कुणाचा ना कुणाचा हक्क होता, तळ्यावर कुणाचाच नव्हता, म्हणून ती जागा.

गावाला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सरकार स्वतःच्या पदरचं घालून आपल्या पोरांना शिकवणार आणि बदल्यात काहीच मागणार नाही, हे कुणाच्याच गळी उतरेना. पारावर बसलेली माणसं एकमेकांना म्हणायची, "फुकट कोण काय देतंय? काहीतरी हाय ह्यात."

बांधकाम सुरू झालं. तीन बाजूंच्या भिंती सरळ वर आल्या. उत्तरेची भिंत मात्र कमरेएवढी झाली की सकाळी बघावं तर खचलेली. हसन गवंडी नावाचा मोठा कारागीर होता, त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा खचली. गवंडी काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत यातूनच गाव काय ते समजलं.

अशात शाळेचे हेडमास्तर येऊन दाखल झाले. पोंक्षे मास्तर. कोकणातले, उंच, शेलाटे, बोलायला अतिशय गोड. इमारत तयार नाही, तेव्हा बसून काय करायचं म्हणून ते घरोघर फिरून मुलांची चौकशी करायला लागले. नाव काय, वय काय. आता त्या काळी कुणाला जन्मतारीख ठाऊक असायची? कुणी सांगायचं मोठ्या पुराच्या साली, कुणी सांगायचं आमची म्हैस चोरीला गेली त्याच्या आदल्या दसऱ्याला. मग मास्तर काय करायचे, मुलाला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला म्हणजे मूल शाळेच्या वयाचं झालं, असा तेव्हाचा शिरस्ता होता. कान धरला की मास्तर "शाबास" म्हणायचे आणि मुठीत फुटाणे द्यायचे.

गावानं हे दारांच्या फटीतून पाहिलं. भिंत खचतेय आणि हा परका माणूस लेकरांची मापं घेत फिरतोय. वर फुटाणे देतोय.

एका दिवसात चिंचणगीची दारं बंद झाली, म्हणे. ज्यांना शक्य होतं त्यांनी मुलं मामाच्या गावी धाडली. परटानं मास्तरांचे कपडे न धुताच परत केले. मास्तर जितके हसून नमस्कार करत, तितकं गाव जास्त बिचकायचं.

त्या गावात नीलव्वा नावाची बाई होती. नवऱ्याचा तेलाचा घाणा. लग्नानंतर पुष्कळ वर्षं कूस उजवली नव्हती. तळव्वेला नवस बोलून, मंगळवार धरून, अनवाणी प्रदक्षिणा घालून तिला एक मुलगा झाला होता, काशिलिंग. मास्तरांनी घाण्यापाशी त्याला हात डोक्यावरून न्यायला सांगितला होता, तेव्हा त्यानं कान अगदी सहज धरला. आणि नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेची भिंत मुळापासून बसली.

झालं. लोक म्हणायला लागले, जमिनीनं पोर निवडलं.

सासू म्हणाली, "नीले, पोराला घेऊन माहेरला जा. आत्ताच्या आत्ता."

नीलव्वेनं गाठोडं बांधलं. पण दारात शेजारची पारव्वा उभी. जिच्याबरोबर ती रोज पाण्याला जायची, जिच्या बाळंतपणात हिनं रांधून घातलं होतं, ती.

"कुठं निघालीस गं?"

"माहेरला. आईला बरं न्हाई."

"तुझी आई काल बाजारात मिरच्या निवडत होती की. चांगली भांडत होती." पारव्वा दारातून हलली नाही. "तू पोराला घेऊन जाशील. मग भिंत कुणाचं मागंल? माझंच की."

गल्लीत आणखी चार बाया उभ्या होत्या. कुणी हातात काठी घेतली नव्हती, कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या उभ्या होत्या. नीलव्वेला कळून चुकलं, की आता मास्तरांपेक्षा आपलीच गल्ली आपल्यावर जास्त पाळत ठेवून आहे. पोराला गावाबाहेर काढता येणार नाही.

तो मंगळवार होता. तिचा उपास होता. ती न्हाली, मळवट भरला, काशिलिंगला सासूच्या मांडीवर दिलं आणि देवळात गेली. तळव्वेपुढे काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. असे सांगतात, की ती एवढंच म्हणाली, "तूपण कुणाची तरी सूनच होतीस. लेकराचं नाव नको काढू. बसायचंच तर मी बसते." आणि तिथून थेट, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती उत्तरेच्या भिंतीच्या पायाच्या खड्ड्यात उतरली आणि मातीला पाठ लावून बसली.

गाव गोळा झालं. पोंक्षे मास्तर धावत आले.

"अहो बाई, वर या! ढासळेल ते!"

"ढासळू दे. पण आधी सांगा, माझ्या लेकराचं माप कशापायी घेतलंत?"

"माप? कसलं माप?"

"डोक्यावरनं हात न्यायला लावलासा की!"

मास्तर आधी गोंधळले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. इतके दिवस आपल्याला पाणीसुद्धा कुणी का देत नव्हतं, ते त्यांना त्या क्षणी समजलं. "वय कळावं म्हणून हो! तुमच्या सासूबाईंनी सांगितलं हा पुरात जन्मला, सासरे म्हणाले दुष्काळात. मी काय समजायचं?"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "खोटं बोलतोय!"

मास्तरांनी वाद घातला नाही. धोतर खोचलं आणि तेही खड्ड्यात उतरले. नीलव्वेपासून अंतर ठेवून मातीला पाठ टेकून बसले. म्हणाले, "जाणारच असेल, तर तुम्ही एकट्या कशाला?"

दोघंही तशीच बसून राहिली. वर सगळं गाव उभं, खाली ही दोघं. ऊन रणरणत होतं. काही झालं नाही. जमीन फाटली नाही, आकाशवाणी झाली नाही. गाव तरीही हललं नाही, काय सांगावं, आत्ता होईल.

ऊन कलताना नीलव्वेला उपासानं भोवळ आली. पारव्वाच पुढे झाली आणि तिला हात देऊन वर ओढलं. आणि पाठीला हात लावल्याबरोबर किंचाळली, "अगं, भिजलीयास!"

लुगडं कमरेपासून मानेपर्यंत ओलंचिंब होतं. मास्तरांचा सदराही. सगळ्या पंचक्रोशीत विहिरी आटलेल्या आणि त्या मातीत ओल. हसन गवंडी खाली उतरला, हातानं माती उकरली. आतून पाणी आलं, थंडगार. तळं वरून मेलं होतं, त्याचा झरा जिवंत होता. तोच भिंतीखालची माती नेत होता.

हसन म्हणाला, "आईनं जागा दाखवली. भिंत मागं घेतो." त्यानं झऱ्याला मोकळी वाट दिली आणि भिंत मागे घेतली. ती उभी राहिली, ती अजून उभी आहे. झरा शाळेच्या विहिरीत जातो.

तुम्हाला वाटेल, संशय फिटला. चिंचणगीचा संशय असा फिटत नाही. शाळा उघडली त्या सकाळी एकही मूल आलं नाही. बऱ्याच वेळानं नीलव्वा काशिलिंगचं बोट धरून आली. त्याला व्हरांड्यात उभं केलं आणि म्हणाली, "हितंच थांब. आधी मी बसून बघते." भिंतीला पाठ टेकली, हात मागे नेऊन पाहिलं. कोरडं होतं. ती खाली सतरंजीवर बसली. तिला पाहून पारव्वा आली, मग एकेक करत बाकीच्या. प्रत्येकीनं स्वतः पाठ टेकून पाहिली, दुसरीच्या सांगण्यावर कुणीच विसंबली नाही.

मास्तरांनी हजेरी उघडली आणि मुलांची नावं विचारली. कुणी बोलेना. लेकराचं नाव परक्याच्या हाती द्यायचं, अशा जागेवर?  शेवटी नीलव्वा म्हणाली, "लेकराचं नाव इतक्यात न्हाई मिळायचं. माझं लिवा."

मास्तरांनी लिहिलं. आणि मान वर करून मोठ्यानं पुकारलं, "नीलव्वा!"

ती दचकली. काय उत्तर द्यायचं ते तिला माहीत नव्हतं.

"हजर म्हणायचं," मास्तर हळूच म्हणाले.

"हजर," ती म्हणाली. पारव्वा म्हणाली, "आता माझं." त्या दिवशी सगळी हजेरी आयांच्या नावानं झाली. सगळ्यांची नावं पुकारून झाली तरी भिंत उभी होती. मग आया उठल्या आणि ज्या जागी आपण बसलो, बरोबर त्याच जागी त्यांनी आपापलं मूल आणून बसवलं. काशिलिंग पुढे शिकून याच शाळेत मास्तर झाला, असे सांगतात.

आजही या गावातल्या बाया सरकारवर, मास्तरांवर, एकमेकींवर चटकन विश्वास ठेवत नाहीत. मला त्यात वाईट काही दिसत नाही. आधी स्वतः बसून बघावं आणि मग लेकराला बसवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पाहुणे मला एक प्रश्न नेहमी विचारतात, ज्या मुलाला आई नाही त्याचं काय? त्याच्या जागेवर त्या सकाळी कुणी बसत नाही, बाक रिकामा ठेवतात. आयांची हजेरी तिथवर आली की मास्तर "तळव्वा!" असं पुकारतात, आणि वर्गातल्या सगळ्या आया एकदम म्हणतात, "हजर."