कबरीची कटकट

एका गावात एक कोंबडी होती, आणि ती दिवसभर ओरडायची. अंगावर ठिपके होते म्हणून नाव पडलं कबरी. वय झालं होतं. अंडी द्यायची थांबली होती, तरी अंगणातली सगळी पिल्लं तिच्याच मागे फिरायची.

घरातल्या सुनेला तिचा आवाज नकोसा झाला होता. सासू म्हणायची, अगं, ती उगीच नाही ओरडत. आभाळात घार दिसली की एकच लांब आवाज काढते, मग पिल्लं कणगीखाली दडतात. जमिनीवर काही सरपटताना दिसलं की कट्-कट्-कट् लावते, मग तीच पिल्लं उंचावर चढतात. तिनंच शिकवलंय त्यांना.

"कोंबडीला कसली आलीय भाषा, आत्याबाई," सून म्हणाली. "उद्या जावई येतायत. रश्शात घातली की होईल गप्प."

"तुझ्यापेक्षा पिल्लं शहाणी," सासू म्हणाली. "ऐकून तरी घेतात."

सकाळी सुनेनं कबरीला अंगणातच डालग्याखाली कोंडलं. मसाला वाटला, आणि चुलीला गोवऱ्या आणायला पडवीतल्या ढिगाकडे गेली. ती वाकली मात्र, डालग्याच्या फटीतून कबरीनं सुरू केलं, कट्-कट्-कट्.

मरायच्या भीतीनं कोकलतेय, असं म्हणत सुनेनं गोवरीकडे हात नेला. तेवढ्यात तिची नजर पिल्लांवर गेली. एक पाट्यावर, दोन उपड्या घमेल्यावर, बाकीची जात्यावर दाटीवाटीनं. कणगीखाली एकही नाही. सगळी उंचावर.

सुनेचा हात तिथंच थांबला.

तिनं काठी घेऊन ढीग हलवला. आतून मनगटाएवढी जाड घोणस निघाली आणि कुंपणाकडे सरकत गेली. सुनेनं आपला हात उलटासुलटा करून बघितला. शाबूत होता.

मग तिनं डालगं उचललं. कबरीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तडक पिल्लांत गेली आणि माती उकरायला लागली. जिला कापायला काढली होती, तिनंच वाचवलं. आता माणसानं तोंड कुठं लपवावं?

सासू दारात उभी होती. "हात जाग्यावर आहे ना?" ती म्हणाली. "मग पिठलं हाट."

जावई जेवायला बसले. ताटात पिठलं बघून म्हणाले, आम्ही तर रस्सा ऐकला होता.

"वाढणारा हात त्या कोंबडीनं राखलाय," सून म्हणाली. "त्याच हातानं तिला कापू?"

जावई शहाणे निघाले. आणखी एक भाकरी मागून घेतली.

कबरी पुढं म्हातारपणानंच गेली. तोवर रोज सकाळी दाण्यांची पहिली मूठ तिची. आणि ती ओरडली की सून हातातलं काम टाकून आधी बघायची, पिल्लं कुठं आहेत, खाली की वर.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: आपल्यासाठी ओरडणाऱ्याचं बोलणं कळत नसेल, तर खोट आपल्या कानात शोधावी. आणि कळलं की उपकार मानायला लाजू नये, मग तो उपकार कोंबडीचा का असेना.