तळ्याचं पाणी आणि जलपंडिता

फार फार जुनी गोष्ट. एका राज्यात एक मोठं तळं होतं. त्याचं पाणी मोजायला राजाने एक जलपंडिता नेमली होती. दर वर्षी ती पाणी मोजायची, पोथीत श्लोक रचून लिहायची आणि दरबारात वाचून दाखवायची. दरबारी माना डोलवायचे. श्लोक इतके सुरेख असायचे की अर्थाकडे कोण लक्ष देतो?

दरबाराचा एक दंडक होता. पंडितांनी मोजावं, लिहावं, पण लोकांत जाऊन बोलू नये. जो बोलेल त्याचं आसन जाईल.

राजाच्या नव्या महालासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या आणि त्यांच्यासाठी डोंगरावरचं रान तुटत होतं. उघडी पडलेली माती पावसाबरोबर तळ्यात येऊन बसत होती. दहा वर्षांत तळं बुजणार, हे पंडितेला कळून चुकलं होतं. तीन वर्षं तिने दरबारात तेच वाचलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"आपण बरं, आपलं काम बरं," बाकीचे पंडित म्हणाले.

तिला ते पटेना. तिने पोथी उचलली, थेट आठवडी बाजार गाठला आणि खड्या आवाजात श्लोक म्हटले. लोक बिचारे काय करणार? त्यांनी पोथीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि भाजी घ्यायला निघून गेले.

पंडितेला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने घाटावर गेली आणि धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या परटिणीशेजारी बसली.

"मावशी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा उन्हाळ्यात पाणी कुठवर असायचं?"

"तिसऱ्या पायरीला. आता अकरा उतरते, गुडघ्यांची वाट लागली. पण पाणी गेलं कुठं, पंडिताबाई?"

पंडितेने तिच्या हाती एक बांबू दिला. परटिणीने तो पाण्यात खुपसला, तर हातभर गाळात रुतला. वर काढला तेव्हा त्याला तांबडी माती चिकटली होती. म्हातारीने ती बोटांनी चोळली आणि समोरच्या बोडक्या डोंगराकडे पाहिलं. मग तो बांबू घाटावरच्या प्रत्येकाच्या हातून फिरला.

चार दिवसांनी अख्खं गाव पाट्या भरून गाळ घेऊन दरबारात उभं राहिलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" राजाने दरडावून विचारलं.

"आमचं आम्हीच मोजलं, महाराज," परटीण म्हणाली.

पंडिता पुढे झाली. "मोजलं त्यांनी, पण बोलले मी. आसन सोडायला आले आहे."

आसन गेलं. पण समोरच्या गाळापुढे नुसती मान डोलवून भागणार नव्हतं. राजाने भट्ट्या विझवल्या, महाल अर्धाच राहिला. गावाने डोंगरावर झाडं लावली आणि तळं वाचलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात सगळं गाव मिळून पाणी मोजू लागलं. पंडिता पायरीवर बसून बघायची आणि तिचा ऊर अभिमानाने भरून यायचा. दरबारात मानाने बसली होती, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

तात्पर्य: संकट ज्याला आधी दिसतं, त्याने ते सर्वांना कळेल असं सांगितलंच पाहिजे, नुसतं मोजून ठेवणं हे अर्धंच काम.