चांदबीच्या कबरीवरचा खराटा

"म्हणजे आमचे पणजोबा तिथं नव्हतेच?" कासमबाबांनी विचारलं.

"नव्हतेच, बाबा. त्या दिवशी ते गावातसुद्धा नव्हते."

कबरीच्या कट्ट्यावर बसलेल्या देवस्थळी सरांनी मांडीवरच्या कागदांवर समाधानाने हात फिरवला.

चांदबी गाणारणीचा खून साऱ्या मुलखात गाजलेला. त्यापायी हुसेन पखाली फासावर गेला. बापाचं पाप फेडायला त्याच्या पोराने खराटा उचलला आणि चांदबीची कबर रोज झाडू लागला. मग नातवाने झाडली. आता त्याचे पणतू, टेकडीवरचे म्हातारे फकीर कासमबाबा, झाडत होते. जत्रेत अजून त्या खुनाची गाणी होत, पखाल्याला शिव्या पडत. बाबा मान खाली घालून ऐकत.

सर बाबांना गुरू मानायचे. गुरूच्या घराण्यावरचा डाग धुवायचाच, या हट्टाने त्यांनी जुनी दप्तरं उपसली. साक्षीदाराची पहिली जबानी सापडली, तेव्हा सगळा उलगडा झाला. वाड्यावरच्या धन्याला वाचवायला ती मागाहून फिरवली होती.



"तीन पिढ्या..." बाबा पुटपुटले. "उगाच?"

"उगाच, बाबा. आता माझं पुस्तक निघालं, की सगळ्यांना कळेल."

बाबांनी हातातला खराटा हळूच कबरीला टेकवून ठेवला. वाकलेली पाठ सरळ केली. इतके उंच आहेत बाबा, हे सरांना आजच दिसलं.

"मग उद्यापासून इथं कुणी झाडायचं?"

सर मोकळेपणी हसले. "ज्यानं मारलं, त्याच्या वारसांनी."

"त्यांचं नाव लिहिलंय पुस्तकात?"

सरांचं हसू विरलं. त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"नाव... नाही घालता आलं. हे दप्तर त्यांच्याच घरचं. आमची शाळाही त्यांचीच. तुम्हाला ठाऊक आहे, बाबा. 'कोणी अज्ञात इसम' असं लिहिलंय."

"अज्ञात इसम..."

"पण तुमचे पणजोबा सुटले ना त्यातून?"

"जत्रेतल्या गाण्यात अज्ञात इसम बसेल, सर?"

खाली गावात शाळेची घंटा वाजली. सर उठले नाहीत.

बाबांनी खराटा उचलला. पाठ पुन्हा वाकली. झाडत झाडत ते सरांपाशी आले आणि थांबले.

"जरा पाय उचला, सर. तिथलं राहिलंय."